संक्रमण नावाचा निवाडा : ‘अ ब्रोकन फ्रेम’च्या स्वीकाराचा इतिहास

१

वाङ्मयेतिहासाच्या लेखनात ‘संक्रमणकालीन’ हे विशेषण वारंवार योजले जाते. एखादी कृती आधीच्या परंपरेत नीट बसत नाही आणि नंतरच्या परंपरेतही पूर्णपणे सामावत नाही, अशा वेळी इतिहासकार तिला या विशेषणाच्या हवाली करून पुढे जातो. हे विशेषण वर्णनपर आहे असे भासते. प्रत्यक्षात ते मूल्यमापनपर असते. त्यात असे गृहीत धरलेले असते की, त्या कृतीचे महत्त्व तिच्या स्वतःत नसून ती जेथे पोचविते त्या मुक्कामात आहे. परंतु कोणतीही कृती तिच्या निर्मितीच्या क्षणी संक्रमणकालीन नसते. तिच्या कर्त्यांना पुढचा मुक्काम ठाऊक नसतो, तिच्या पहिल्या वाचकांनाही नसतो. ती संक्रमणकालीन ठरते ती नंतरच्या वाचकाच्या दृष्टीने, म्हणजे पुढे काय घडले हे ज्याला आधीच माहीत असते अशाच्या दृष्टीने.

ही प्रक्रिया लोकप्रिय संगीताच्या क्षेत्रात अधिक उघडपणे न्याहाळता येते. तेथे कृतीचे प्रकाशन, तिचा खप, नियतकालिकांतील परीक्षणे आणि कर्त्यांचे स्वतःच्या कृतीविषयीचे उत्तरकालीन अभिप्राय हे सारे अल्पावधीत आणि तारीखवार नोंदले जाते. ‘डिपेश मोड’ या ब्रिटिश सिंथ-पॉप वाद्यवृंदाचा दुसरा अल्बम ‘अ ब्रोकन फ्रेम’ २७ सप्टेंबर १९८२ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच्या चाळीस वर्षांहून अधिक काळाच्या स्वीकाराचा इतिहास या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. या इतिहासात किमान तीन टप्पे दिसतात आणि प्रत्येक टप्प्यावर एकच ध्वनिसंहिता वेगळ्या अपेक्षाक्षितिजासमोर उभी राहते. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ मध्ये कॉन्स्टान्झ येथील व्याख्यानात वाङ्मयेतिहासाची पुनर्रचना वाचकाच्या अंगाने करण्याची जी मागणी केली, तिचा अर्थ अशा उदाहरणात ठोसपणे उमगतो.

२

या वाद्यवृंदाचा उगम बॅझिल्डनमधला. एसेक्स परगण्यातील हे गाव दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नवनगर योजनेखाली १९४९ पासून वसविले गेले. लंडनच्या दाट वस्तीतून बाहेर आलेल्या श्रमिक कुटुंबांचे हे नगर. येथे वाढलेल्या व्हिन्स क्लार्क, मार्टिन गोअर आणि अँडी फ्लेचर या तरुणांनी प्रथम गिटारच्या साथीने आणि नंतर जवळजवळ सर्वस्वी सिंथेसायझरच्या साहाय्याने संगीत करावयास आरंभ केला. १९८० मध्ये गायक डेव्ह गाहान त्यांना येऊन मिळाला. एका फ्रेंच फॅशन नियतकालिकाच्या नावावरून ‘डिपेश मोड’ हे नाव घेण्यात आले.

त्या काळी सिंथेसायझरला ब्रिटिश लोकप्रिय संगीतात जे स्थान मिळू लागले होते त्याला थोडी पार्श्वभूमी आहे. जर्मनीतील ‘क्राफ्टवेर्क’च्या ‘आउटोबान’ने १९७४ मध्ये एक वाट दाखविली. १९७९ मध्ये गॅरी न्यूमनचे गाणे ब्रिटिश विक्रीयादीत अग्रस्थानी गेले. एकस्वरी सिंथेसायझर आता मध्यमवर्गीय विद्यार्थ्यालाच नव्हे, तर कारकुनी करणाऱ्या तरुणालाही परवडू लागला. अनेक वर्षांचा रियाझ नसताना एका बोटाने वाजविता येणारे हे वाद्य पंक चळवळीच्या ‘कोणालाही करता येईल’ या भूमिकेशी जुळणारे होते. परंतु प्रस्थापित रॉक समीक्षेच्या लेखी गिटार हे देहश्रमाचे आणि प्रामाणिकपणाचे वाद्य होते, तर सिंथेसायझर हे यंत्र होते. १९८२ मध्ये वादकांच्या संघटनेच्या लंडनमधील शाखेत सिंथेसायझरच्या वापरावर निर्बंध घालण्याचा ठराव मांडला गेला, यावरून या वादाची तीव्रता ध्यानात यावी. मंचावर ढोलवादकाऐवजी ध्वनिफितीचे यंत्र ठेवणाऱ्या वाद्यवृंदाकडे कोणत्या नजरेने पाहिले जात असेल, हे वेगळे सांगावयास नको.

‘म्यूट’ ही ध्वनिमुद्रण संस्था डॅनियल मिलर यांनी १९७८ मध्ये स्वतःचीच एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध करण्यासाठी काढली होती. डिपेश मोडशी त्यांनी कागदावर करार केला नाही. शब्दावरच व्यवहार ठरला आणि तो दीर्घकाळ टिकला. १९८१ मध्ये या संस्थेने वाद्यवृंदाची तीन सिंगल्स काढली. विक्रीयादीत पहिले ५७ व्या, दुसरे ११ व्या आणि ‘जस्ट कान्ट गेट इनफ’ हे तिसरे ८ व्या क्रमांकावर पोचले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आलेला ‘स्पीक अँड स्पेल’ हा पहिला अल्बम १० व्या क्रमांकापर्यंत गेला. त्यातील अकरा रचनांपैकी नऊ क्लार्कच्या होत्या; गोअरच्या नावावर दोनच होत्या आणि त्यांतलीही एक निव्वळ वाद्यरचना होती. उल्हसित, नृत्यानुकूल, शब्दांच्या अर्थापेक्षा त्यांच्या नादाला महत्त्व देणारी अशी ही शैली. डिपेश मोड म्हणजे ही शैली, असे समीकरण काही महिन्यांत पक्के झाले.

३

१९८१ च्या अखेरीस क्लार्क बाहेर पडला. प्रसिद्धीचे दडपण आणि दौऱ्यांचा जाच त्याला मानवला नाही, असे त्याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण होते. मुख्य गीतकार गेल्यावर वाद्यवृंद टिकतो का, हा प्रश्न त्या वेळी नवा नव्हता. १९८० मध्ये ‘ह्यूमन लीग’मधून मार्टिन वेअर आणि इअन क्रेग मार्श हे दोघे बाहेर पडले होते. संगीताची बाजू प्रामुख्याने त्यांचीच, अशी समजूत होती. तरीही उरलेल्यांनी १९८१ मध्ये ‘डेअर’ हा अल्बम काढला आणि तो विक्रीयादीत पहिला आला. परंतु डिपेश मोडच्या बाबतीत प्रश्न अधिक बिकट होता; कारण येथे नाव, आवाज आणि वाद्ये मागे राहिली होती, तर गीते रचणारा हात निघून गेला होता.

ही जागा गोअरने घेतली. त्या वेळी तो वीस वर्षांचा होता. नव्याने लिहिण्यास अवधी नसल्यामुळे त्याने किशोरवयात रचून ठेवलेल्या गीतांकडेही हात नेला. ‘सी यू’ हे अशांपैकी एक. जानेवारी १९८२ मध्ये ते प्रसिद्ध झाले आणि ६ व्या क्रमांकावर गेले, म्हणजे क्लार्कच्या कोणत्याही गीतापेक्षा वर. त्यानंतर एप्रिलमध्ये आलेले ‘द मीनिंग ऑफ लव्ह’ १२ व्या, तर ऑगस्टमधले ‘लीव्ह इन सायलेन्स’ १८ व्या क्रमांकावर थांबले. अल्बम स्वतः ८ व्या क्रमांकापर्यंत पोचला, म्हणजे पहिल्याहून दोन पायऱ्या वर. या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहता येते. सिंगल्सची उतरण खरी आहे. पण श्रोत्यांनी दुसऱ्या अल्बमकडे पाठ फिरविली, असे म्हणावयास आधार नाही.

निर्मितीच्या परिस्थितीतील आणखी दोन गोष्टी येथे नोंदविणे आवश्यक आहे. पहिली अशी की, दौऱ्यांसाठी वाद्यवृंदाने १९८२ च्या आरंभी अ‍ॅलन वाइल्डर या शिक्षित वादकाला घेतले होते. मात्र या अल्बमच्या मुद्रणात त्याला सहभागी करून घेतले नाही. आपण क्लार्कवाचून उभे राहू शकतो, हे त्या तिघांना बाहेरच्या मदतीशिवाय सिद्ध करावयाचे होते. दुसरी गोष्ट अशी की, मुद्रण झाले ते दक्षिण लंडनमधील ‘ब्लॅकविंग’ या, पूर्वी चर्च असलेल्या वास्तूतील ध्वनिमुद्रणगृहात. पहिला अल्बम तेथेच झाला होता आणि क्लार्कने अ‍ॅलिसन मॉये हिच्यासह स्थापन केलेल्या ‘याझू’चा ‘अपस्टेअर्स अ‍ॅट एरिक्स’ हा अल्बमही तेथेच झाला. त्या अल्बमच्या नावातील एरिक म्हणजे त्या ध्वनिमुद्रणगृहाचा चालक. दोन्ही कृती एकाच संस्थेने काढल्या. याझूचे ‘ओन्ली यू’ हे गीत २ ऱ्या क्रमांकावर गेले आणि ऑगस्ट १९८२ मध्ये आलेला त्यांचा अल्बमही २ ऱ्या क्रमांकापर्यंत पोचला. महिन्याभराने ‘अ ब्रोकन फ्रेम’ दुकानांत आला, तेव्हा तुलनेचा दुसरा पल्ला आधीच तयार होता.

४

पहिल्या टप्प्यावरील स्वीकार या तुलनेने घडविला. संगीतविषयक साप्ताहिकांतील परीक्षणे संमिश्र होती. ‘मेलडी मेकर’च्या परीक्षणात या प्रयत्नातील धाडस मान्य करूनही, शीर्षकातील मोडलेली चौकट ही एका सुंदर स्वप्नाच्या शेवटाची खूण म्हणून वाचली गेली. हे वाचन लक्षणीय आहे. अल्बमचे शीर्षक हा झेरार जनेत यांच्या परिभाषेत उपसंहितेचा भाग. समीक्षकाने त्या उपसंहितेचा अर्थ संहितेत शोधला नाही. बाहेरच्या एका घटनेत, म्हणजे क्लार्कच्या जाण्यात, शोधला. ‘कोणीतरी गेले आहे’ हे वाक्य प्रत्येक गीताच्या आधी मनात उच्चारून मग ते गीत ऐकले गेले.

येथे एक विलक्षण पेच संभवतो. डिपेश मोडमध्ये गाणारा आवाज क्लार्कचा कधीच नव्हता. पहिल्या अल्बममध्ये गाहान क्लार्कचे शब्द गात होता, दुसऱ्यात तो गोअरचे शब्द गात होता. रेडिओवर गाणे ऐकणाऱ्याला आवाज तोच होता, वाद्यांची जातकुळी तीच होती आणि सहनिर्माता मिलर हाही तोच होता. मग क्लार्कची अनुपस्थिती ऐकू कोणाला आली? ती ऐकू आली ती मुखपृष्ठामागील श्रेयनामावली वाचणाऱ्याला. कर्ता हा संहितेच्या पाठीमागे उभा असलेला माणूस नसून संहितांचे वर्गीकरण करणारे, त्यांच्यात एकसूत्रता गृहीत धरणारे एक कार्य आहे, असे मिशेल फूको यांनी १९६९ मध्ये मांडले होते. लोकप्रिय संगीतातील श्रेयनामावली हे त्या कार्याचे अगदी साधे आणि स्पष्ट उदाहरण ठरते. क्लार्कचे नाव नाहीसे होताच त्या नावाने बांधलेली एकसूत्रताही नाहीशी झाली, आणि तिच्या जागी जे उरले त्याला ‘विस्कळीतपणा’ म्हटले गेले.

समीक्षेची अडचण आणखी एका कारणाने वाढली. रॉक संगीताच्या मूल्यव्यवस्थेत गीतकार आणि गायक एकच असणे हे प्रामाणिकपणाचे गमक मानले जात असे. जो भोगतो तोच लिहितो आणि जो लिहितो तोच गातो, ही ती कल्पना. भावगीतातील ‘मी’ला कवीच्या चरित्राशी जोडणाऱ्या रोमँटिक समीक्षेचीच ती धाकटी बहीण. डिपेश मोडमध्ये हा ‘मी’ आरंभापासून दुभंगलेला होता. एकाने लिहावयाचे आणि दुसऱ्याने उच्चारावयाचे, ही श्रमविभागणी क्लार्कच्या काळात खपून गेली, कारण त्याच्या शब्दांना आत्मनिवेदनाची आकांक्षाच नव्हती. गोअरच्या गीतांत मात्र एकांत, संकोच, नात्यातील मौन असे आशय डोकावू लागले होते. अशी गीते दुसऱ्याच्या कंठातून आल्यावर समीक्षकांना ती एक तर पोरकट तरी वाटली, नाही तर उसनी तरी.

५

आता प्रत्यक्ष संहितेकडे वळले पाहिजे. अल्बममध्ये दहा रचना आहेत. त्यांच्या गुणवत्तेत चढउतार आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. ‘द मीनिंग ऑफ लव्ह’ आणि ‘अ फोटोग्राफ ऑफ यू’ यांत क्लार्कच्या चैतन्याचे अनुकरण आहे. पण त्याच्याकडे असलेली चालीची काटकसर मात्र तेथे नाही. ‘सॅटेलाइट’मध्ये रेगेच्या धाटणीचा ठेका घेतलेला आहे आणि तो सिंथेसायझरच्या कोरड्या नादाशी पुरता एकजीव होत नाही. त्या वेळच्या समीक्षकांनी ज्या उणिवा दाखविल्या त्यांतील काही खऱ्याच होत्या.

परंतु गीतांच्या गुणवत्तेकडून त्यांच्या क्रमाकडे वळले की वेगळे चित्र दिसते. अल्बमचा आरंभ ‘लीव्ह इन सायलेन्स’ या गडद, जवळजवळ प्रार्थनेच्या वळणाने उच्चारलेल्या गीताने होतो. त्यामागून ‘माय सीक्रेट गार्डन’, संथ आणि उघडेबोडके ‘मॉन्युमेंट’ आणि ‘नथिंग टु फिअर’ ही शब्दविरहित रचना येते. पहिल्या बाजूच्या शेवटी ‘सी यू’ आहे. दुसरी बाजू ‘सॅटेलाइट’ने उघडते, मग ती दोन उजळ गीते येतात आणि त्यांच्यामागून पुन्हा काळोख दाटतो. ‘शुडन्ट हॅव डन दॅट’मध्ये वाद्ये मागे सरतात आणि मानवी आवाज व पदरव पुढे येतात, अखेरच्या ‘द सन अँड द रेनफॉल’मध्ये स्वरांचे थर एकावर एक चढत जातात आणि अल्बम खिन्न पण स्थिर अशा ठिकाणी संपतो. म्हणजे हलकी गीते सलगपणे मध्यभागी आहेत आणि गंभीर रचना दोन्ही टोकांना. वारशाने मिळालेली शैली आत आहे, नवी शैली तिला बाहेरून वेढून आहे. हा क्रम योगायोगाने लागला असो वा विचारपूर्वक लावलेला असो, ऐकणाऱ्यासमोर तो एक रूपबंध म्हणून उभा राहतो. ज्याला विस्कळीतपणा म्हटले गेले तो निदान अंशतः तरी दोन शैलींचा असा एका चौकटीत मांडलेला विरोध आहे.

ध्वनीच्या पातळीवरही अशीच विचारणा चाललेली दिसते. पहिल्या अल्बममधील नाद स्वच्छ, टोकदार आणि एकपदरी होते. दुसऱ्यात त्यांच्या जोडीला पीपीजी कंपनीच्या ‘वेव्ह’ या संख्यांकित तरंगनादांवर आधारलेल्या सिंथेसायझरमधून आलेले काचेसारखे थंड, श्वास घेणारे नाद आहेत. मौनाला आणि पोकळीला जागा मिळाली आहे. नृत्यासाठी अखंड चालणारा ठेका येथे अनेकदा थबकतो. श्रोत्याला नाचावयास लावण्याऐवजी जागच्या जागी थांबविणारे सिंथ-पॉप संभवते काय, हा प्रश्न हा अल्बम विचारतो. त्याचे समाधानकारक उत्तर त्याला दर वेळी सापडतेच असे नाही.

मुखपृष्ठही याच विचारणेचा भाग आहे. ब्रायन ग्रिफिन या छायाचित्रकाराने केंब्रिजशरमधील डक्सफर्डनजीकच्या शेतात ते टिपले. भरून आलेल्या आभाळाखाली एक स्त्री एकटीच धान्याची कापणी करते आहे. नैसर्गिक आणि कृत्रिम प्रकाश एकत्र वापरल्यामुळे छायाचित्र तैलचित्रासारखे भासते. सोव्हिएत समाजवादी वास्तववाद आणि जर्मन रोमँटिक चित्रपरंपरा या दोन्हींची प्रेरणा ग्रिफिनने मान्य केली आहे. ‘लाइफ’ नियतकालिकाने १९८० ते १९९० या दशकातील जगातील उत्तम छायाचित्रांविषयीच्या अंकासाठी हेच छायाचित्र मुखपृष्ठावर घेतले. विद्युत्‌यंत्रांवर वाजविलेल्या संगीताच्या वेष्टनावर यंत्रपूर्व श्रमाची प्रतिमा यावी, यात एक जाणीवपूर्वक विसंगती आहे. यंत्राच्या संगीताला श्रम, माती, ऋतू यांचे अगत्य असू शकते काय, असे जणू ते चित्र विचारते. पुढच्या वर्षीच्या ‘कन्स्ट्रक्शन टाइम अगेन’च्या मुखपृष्ठावर पर्वताच्या पार्श्वभूमीवर घण उगारलेला कामगार आहे, तेही छायाचित्र ग्रिफिनचेच. कापणी करणारी स्त्री आणि घण उगारणारा पुरुष ही जोडी शेजारी शेजारी ठेवली की, दुसऱ्या अल्बमची दृश्य उपसंहिता तिसऱ्याकडे किती स्पष्टपणे हात पुढे करीत होती हे दिसते. परंतु १९८२ च्या समीक्षकापुढे जोडीतले एकच चित्र होते.

६

स्वीकाराचा दुसरा टप्पा १९८३ नंतर सुरू होतो. वाइल्डर आता पूर्ण सदस्य झाला होता. ‘कन्स्ट्रक्शन टाइम अगेन’मध्ये बांधकामाच्या जागा आणि धातूचे आघात यांतून उचललेले ध्वनी यंत्रात साठवून वाजविले गेले आणि गीतांत सामाजिक आशय उघडपणे आला. पुढे ‘ब्लॅक सेलिब्रेशन’ (१९८६), ‘म्युझिक फॉर द मासेस’ (१९८७) आणि ‘व्हायोलेटर’ (१९९०) या कृतींनी या वाद्यवृंदाला जगभर नेले. टी. एस. एलियट यांनी १९१९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात म्हटल्याप्रमाणे, नवी कृती आली की आधीच्या सर्व कृतींची परस्परसंबद्ध मांडणी किंचित बदलते. ‘व्हायोलेटर’ आल्यावर ‘अ ब्रोकन फ्रेम’ बदलला. १९८२ मध्ये तो क्लार्कच्या मागे राहिलेल्यांचा अल्बम होता; १९९० मध्ये तो गोअरचा अपरिपक्व पहिला प्रयत्न झाला. ‘अंत’ म्हणून वाचलेली संहिता आता ‘आरंभ’ म्हणून वाचली जाऊ लागली. ‘संक्रमणकालीन’ हे विशेषण तिला चिकटले ते या टप्प्यावर.

या निवाड्याला कर्त्याचीच साक्ष मिळाली. गोअरने नंतरच्या मुलाखतींतून या अल्बमविषयी नापसंती व्यक्त केली आणि आपल्या कृतींत त्याला सर्वांत खालचे स्थान दिले. या साक्षीचे वजन समीक्षकांवर पडणे स्वाभाविक होते. परंतु हेतूविषयक भ्रमाची चर्चा ज्यांना परिचित आहे त्यांना हेही जाणवेल की, कर्त्याची नापसंती ही कर्त्याच्या हेतूइतकीच कृतीबाहेरची वस्तू आहे. एकविसाव्या वर्षी केलेल्या कामाची तिशीत लाज वाटणे हे कर्त्याविषयी काही सांगते; कृतीविषयी सांगेलच असे नाही.

मंचावरील पुरावा अधिक बोलका आहे. १८ जून १९८८ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथील रोझ बोल क्रीडागारात झालेल्या मैफलीवरून ‘१०१’ हा अल्बम १९८९ मध्ये निघाला. त्यात क्लार्कचे ‘जस्ट कान्ट गेट इनफ’ आहे, पण ‘अ ब्रोकन फ्रेम’मधील एकही गीत नाही. ज्या मनुष्याच्या जाण्याने हा अल्बम झाकोळला त्याचे गीत वाद्यवृंदाने सांभाळले. राहिलेल्याने स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठी रचलेली गीते मात्र वगळली. ‘जस्ट कान्ट गेट इनफ’ हा एका समाप्त झालेल्या कालखंडाचा निर्वेध ठेवा होता. ‘अ ब्रोकन फ्रेम’मधील गीते मात्र अजून समाप्त न झालेल्या एका कर्तृत्वाचा अवघड आरंभ होती. भूतकाळ परका असला की तो मिरविता येतो. स्वतःचा असला की झाकावासा वाटतो.

याला एक उद्बोधक अपवाद आहे. १९८५ मध्ये निघालेल्या ‘द सिंगल्स ८१–८५’ या संकलनात १९८२ ची तिन्ही सिंगल्स आहेत. त्याच्या वेष्टनावर गीतांविषयीचे समकालीन अभिप्राय, अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन्ही, छापलेले आहेत. एखाद्या कृतीने आपल्या स्वीकाराचा इतिहास स्वतःच्याच अंगावर वागविल्याचे असे उदाहरण विरळा. तारीफ आणि निंदा शेजारी शेजारी ठेवल्याने दोन्हींचा अधिकार एकाच वेळी सैल होतो, आणि निर्णय ऐकणाऱ्याकडे परत येतो.

७

तिसरा टप्पा पुनःप्रकाशनाचा आहे. २००६ मध्ये अल्बम सुधारित ध्वनीसह पुन्हा काढण्यात आला. त्याच्या जोडीला एक लघुमाहितीपट देण्यात आला. त्याच्या उपशीर्षकाचा आशय ‘त्यांच्या तथाकथित काळोख्या पर्वाचा आरंभ’ असा आहे. ‘आरंभ’ या शब्दात दुसऱ्या टप्प्यावरील निवाडा कायम आहे. परंतु ‘तथाकथित’ या शब्दाने त्या निवाड्याला कंस घातला आहे. कालखंडांची नावे इतिहासकार देतात, ती घटनांना उपजत नसतात, याची ही मिश्कील कबुली होय.

त्याहून महत्त्वाची घटना २०१५ ची. त्या वर्षी ‘मार्शो’ या ग्रीक सिंथ-पॉप जोडीने ‘अ ब्रोकन फ्रेम’ हा संपूर्ण अल्बम, त्यातील एकही गीत न वगळता, नव्याने गाऊन व वाजवून प्रसिद्ध केला. निवडक गीते घेणे हा गौरव असतो. सबंध अल्बम घेणे हे वाचन असते. दुबळी मानलेली गीतेही त्यात आपापल्या जागी आली आणि मूळ क्रम हा अर्थाचा घटक म्हणून स्वीकारला गेला. शिवाय गाहानच्या जागी स्त्रियांचे आवाज आल्यामुळे गीतांतील ‘मी’ पुन्हा एकदा स्थलांतरित झाला. १९८२ मध्ये ज्या दुभंगाला उणीव मानले गेले, तोच दुभंग या गीतांना तीन दशकांनी दुसऱ्या कंठात जाऊ देतो. ज्या संहितेत ‘मी’ कोणा एकाच्या चरित्राला बांधलेला नसतो, ती दुसऱ्याच्या तोंडी अधिक सहजपणे रुळते.

या तीन टप्प्यांतून एक निष्कर्ष निघतो. ‘अ ब्रोकन फ्रेम’ आधी एका माणसाच्या अभावाच्या उजेडात वाचला गेला, नंतर दुसऱ्याच्या पुढील यशाच्या उजेडात. दोन्ही वाचनांत संहिता गौण होती. पहिल्याला ती शेपूट वाटली, दुसऱ्याला प्रस्तावना. ‘संक्रमणकालीन’ या शब्दाने ही दोन्ही वाचने एकत्र केली आणि त्यांना वर्णनाचे रूप दिले. हा अल्बम थोर कलाकृती आहे असे सिद्ध करण्याचा खटाटोप येथे अभिप्रेत नाही. त्याच्या उणिवा वर सांगितल्या आहेत. प्रश्न उणिवांचा हिशेब कोणत्या खात्यावर मांडावयाचा, हा आहे. पुढच्या यशाच्या तुलनेत मांडला तर त्या अपरिपक्वता ठरतात. १९८२ च्या परिस्थितीत, म्हणजे गीतकार गेलेला, नवा वादक मुद्दाम बाहेर ठेवलेला, जुनी शैली उरलेली आणि नवीचे नावही न सुचलेले, अशा स्थितीत मांडला तर त्याच उणिवा निर्णयाच्या खुणा ठरतात.

क्लार्क आणि गोअर २०१२ मध्ये पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी शब्दविरहित वाद्यरचनांचा एक अल्बम केला. २०२० मध्ये अमेरिकेतील रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये डिपेश मोडचा समावेश झाला, तेव्हा क्लार्क आणि वाइल्डर या दोघांचीही नावे सदस्य म्हणून नोंदली गेली. संस्थात्मक स्मृतीने अशा रीतीने सर्वांना एका चौकटीत बसविले. मात्र १९८२ च्या अल्बममध्ये या पाचांपैकी क्लार्क नाही आणि वाइल्डरही नाही, केवळ तिघेच आहेत. त्याआधीच्या डिपेश मोडचा गीतकार निघून गेला होता आणि त्यानंतरच्या डिपेश मोडचा ध्वनिरचनाकार अजून ध्वनिमुद्रणगृहाच्या दाराबाहेर होता. त्या मधल्या काही महिन्यांत तिघांनी, आपले पुढे काय होणार हे ठाऊक नसताना, जे केले त्याची नोंद म्हणजे ‘अ ब्रोकन फ्रेम’. स्वीकाराचा इतिहास लिहिणाऱ्याने निदान एकदा तरी ती नोंद त्या अज्ञानासह वाचावयास हवी.